दुसऱ्याच्या मुलाचा मेंटॉर होताना

मेंटॉर म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला नियमित भेटून आधार देणारा मोठा माणूस. तसं व्हायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो, 'मी या मुलांना काय शिकवू?' प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. आधी विचारायचं ते हे: मी या मुलाच्या आयुष्यात किती काळ, किती नियमितपणे आणि कोणाच्या देखत असणार आहे? याचं उत्तर पक्कं असेल तर बाकीचं हळूहळू शिकता येतं. ते नसेल तर अनुभव, पदव्या, वक्तृत्व यांतलं काहीच कामाला येत नाही. उलट अपाय होऊ शकतो.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज आणि समरव्हिल या शेजारशेजारच्या शहरांत, एक मोठा प्रयोग सुरू झाला. पाचशेहून थोडे जास्त मुलगे निवडले, सारख्या परिस्थितीतल्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला एक मुलगा नाणं उडवून मदतीसाठी निवडला. या मुलांना सरासरी पाच वर्षं समुपदेशक मिळाला. घरी भेटी, अभ्यासात मदत, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं झालं. तीस वर्षांनी जोआन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या सगळ्यांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी अनेकांनी कार्यक्रमाबद्दल चांगलंच सांगितलं. नोंदी मात्र उलटं बोलत होत्या. व्यसनाची लक्षणं, गंभीर मानसिक आजार, एकापेक्षा जास्त गुन्हे, लवकर आलेला मृत्यू, हे सारं मदत मिळालेल्या गटात जास्त होतं. मदतीवर विसंबायची सवय लागली असेल, अपेक्षा वाढून नंतर अपेक्षाभंग झाला असेल, अशा शक्यता मॅकॉर्ड यांनी मांडल्या. मदत करणाऱ्यांचा हेतू खोटा होता असं कोणीच म्हणालं नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं केला. त्यांतली बरीच मुलं गरिबीत, भांडणतंट्याच्या किंवा आजारी पालकांच्या घरात वाढली. अशा सर्वाधिक धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्ती माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे टिकून राहिलेला निदान एक मोठा माणूस. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी.

पायरी १ : आधी स्वतःची झडती

वेळेपासून सुरुवात करा. २००२ मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या जुन्या अमेरिकी कार्यक्रमातल्या मेंटॉर आणि मुलांच्या जोड्यांची माहिती तपासली. वर्ष किंवा त्याहून जास्त टिकलेल्या नात्यांत मुलांना सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांत मात्र मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला होता. आपण आलो आणि गेलो, एवढंच झालं असं आपल्याला वाटतं. मूल मात्र त्याचा अर्थ 'माझ्यातच काहीतरी कमी होतं' असा लावतं.

म्हणून कॅलेंडर काढा आणि पुढचं वर्षभर आठवड्याला एक तास किंवा पंधरवड्याला दोन तास खरंच निघतात का ते बघा. जाण्यायेण्याचा वेळ, भेटीनंतर टिपण लिहायची पंधरा मिनिटं आणि मधेच येणारे फोनही त्यात धरा. बदली होणार आहे, परीक्षा आहे, घरात आजारपण आहे, तर थांबा. खात्री नसेल तर दुसरी वाट आहे: मुदतीचं काम घ्या. 'मुलाखतीच्या तयारीसाठी चार भेटी, मग संपलं' असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं छोटं नातं मुलाला दुखवत नाही. न सांगता आटलेलं नातं दुखवतं.

मग हेतू. 'समाजाचं ऋण' वगैरे ठीक आहे, पण त्याखाली काय आहे ते खणून बघा. मला विचाराल तर एक प्रश्न पुरेसा आहे. या मुलाचं दोन वर्षांनी छान चाललं असेल आणि त्याला माझी आठवणही येत नसेल, तर मला चालेल का? ज्याला हे चालणार नाही, त्याने थोडं थांबावं. आपली कोणाला तरी गरज असावी ही भूक माणसाला असतेच, पण ती भागवायचं काम एखाद्या चौदा वर्षांच्या पोराकडे देऊ नये.

पायरी २ : चौकट बांधा

शक्य असेल तर संस्थेमार्फतच काम करा. चांगली संस्था तुमची ओळखपत्रं तपासते, पोलीस पडताळणी मागते, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन-तीन माणसांशी बोलते, मुलाखत घेते, प्रशिक्षण देते. त्यानंतरही तिचा समन्वयक तुम्हाला, मुलाला आणि पालकांना वेगवेगळे फोन करत राहतो. हे सगळं कटकटीचं वाटतं. पण 'या, उद्यापासून सुरू करा' म्हणणारी संस्था तुम्हाला तपासत नसेल, तर इतर कोणालाही तपासत नसणार, एवढं लक्षात घ्या.

अनेक नाती संस्थेबाहेरच जुळतात. शेजारचा मुलगा, मैत्रिणीची लेक, कामावर नव्याने आलेली एकोणीस वर्षांची मुलगी. तिथे चौकट तुम्हालाच बांधावी लागते. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती हवीच, तीही 'हो हो, काही हरकत नाही' अशी जाता जाता घेतलेली नको. बसून बोललेली हवी. शिवाय अशी एक तिसरी प्रौढ व्यक्ती ठरवा, जिच्याकडे मूल तुमच्याविषयी तक्रार करू शकेल आणि तुम्ही अडलात तर जिचा सल्ला घेऊ शकाल. ती व्यक्ती तुमची जिवलग नसलेली बरी.

सगळं एका कागदावर उतरवा, एक पान पुरतं. कुठे भेटायचं, कोणत्या वारी, किती वेळ. भेट रद्द करायची तर कोणी कोणाला किती आधी कळवायचं. फोनवर कधी बोलायचं आणि कधी नाही. पालकांना काय सांगितलं जाईल. कोणत्या गोष्टी गुपित राहणार नाहीत. हे नातं कधी तपासायचं आणि कधी संपवायचं. तक्रार कोणाकडे करायची. भाषा अशी हवी की मुलाला एका वाचनात कळेल. कागदाची एक प्रत मुलाकडे राहू द्या. नियम त्याच्याही हातात असले की त्याला 'तुम्ही म्हणाला होतात' असं तोंडावर सांगता येतं, आणि तसं त्याला सांगता यायलाच हवं.

पायरी ३ : पहिली भेट

पहिल्या भेटीत फार काही घडत नाही आणि घडवायचंही नसतं. चौकशीचा भडिमार नको. 'मोठेपणी काय व्हायचंय?' हा प्रश्न तर कृपा करून टाळा; तो प्रत्येक पाहुण्याने विचारलेला असतो आणि त्याचं पाठ केलेलं उत्तर मुलाकडे तयार असतं. काहीतरी हातात घेऊन बसा. कोडं सोडवा, सायकलची चेन बसवा, त्याला येणारा एखादा गेम तो तुम्हाला शिकवू दे. समोरासमोर बसून नजरेला नजर भिडवण्यापेक्षा शेजारी बसून काही करताना पौगंडावस्थेतली मुलं कितीतरी मोकळी बोलतात. त्यातही मुलाला काही येतं आणि तुम्हाला येत नाही अशी गोष्ट निवडली, तर नात्यातला उंचसखलपणा पहिल्याच दिवशी थोडा कमी होतो.

तीन गोष्टी मात्र त्याच दिवशी बोलून टाका: मी तुला किती काळ भेटणार आहे, आपल्यातलं काय कोणाला कळेल, आणि तुला हे नको वाटलं तर तू कोणाला सांगायचंस. मुलं यावर खांदे उडवतात. उडवू द्या, ऐकलेलं असतं.

निघताना पुढच्या भेटीचा वार आणि वेळ सांगा, आणि त्या वेळी तिथे हजर असा. पहिले दोन-तीन महिने तुमचं खरं काम एवढंच आहे.

पायरी ४ : ऐकणं, आणि सल्ल्याची खाज आवरणं

समजा सोळा वर्षांची मुलगी येऊन म्हणते, "ताई, मी टीम सोडतेय."

तोंडावर लगेच येतं ते असं: "अगं, वेडी आहेस का! इतकी छान खेळतेस. थोडा धीर धर." हेतू चांगला, आणि संभाषण तिथेच संपलं. आता हे बघा.

"सोडतेयस? काय झालं?"

"काही नाही. कंटाळा आलाय."

"खेळाचा, की टीमचा?"

ती बुटाच्या लेसशी खेळत राहते. ताई पुढचा प्रश्न विचारत नाही.

"ती नवीन कॅप्टन... सगळ्यांसमोर बोलते मला."

"हं. सगळ्यांसमोर."

"मग काय! मागच्या आठवड्यात तर..." आणि पुढची वीस मिनिटं ती एकटीच बोलते.

शेवटी ताई विचारते, "यावर आपण काही करायचंय, की तुला नुसतं सांगायचं होतं?"

हा शेवटचा प्रश्न पाठ करून ठेवण्यासारखा आहे. निम्म्या वेळा उत्तर येतं, 'नुसतं सांगायचं होतं.' त्या दिवशी तुमचं काम झालेलं असतं. 'करायचंय' म्हणाली, तर पुढचा प्रश्न 'तू आतापर्यंत काय करून बघितलंस?' आपला सल्ला त्याच्याही नंतर, आणि तोही विचारून: 'माझ्या डोक्यात एक आहे, सांगू का?'

विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या कामातून संभाषणाची एक पद्धत घडवली. त्यांचं निरीक्षण असं, की मदत करणाऱ्याला समोरच्याला ताळ्यावर आणायची अनावर ऊर्मी असते, आणि माणूस द्विधा मनःस्थितीत असताना आपण एका बाजूने वकिली सुरू केली की तो दुसऱ्या बाजूने करायला लागतो. 'टीम सोडू नकोस' असं आपण जितकं जोरात म्हणू, तितकी ती सोडण्याची कारणं शोधेल. मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच. म्हणून दोन्ही बाजू तिच्याच तोंडून निघू द्या.

आपल्या आयुष्यातल्या गोष्टी सांगाव्यात का? सांगाव्यात, थोडक्यात आणि तिच्या कामाच्या असतील तरच. 'आमच्या वेळी' ने सुरू होणारं वाक्य बहुतेक वेळा स्वतःसाठी असतं. आपलं बिघडलेलं लग्न, कर्ज, जुनी दुखणी मुलापुढे मांडणं तर उलटंच. मग ते मूल तुम्हाला सांभाळायला लागतं.

पायरी ५ : ध्येय कोणाचं?

क्रिस्टीन मॉरो आणि मेलनी स्टाइल्स यांनी १९९५ मध्ये मेंटॉर आणि मुलांच्या ८२ जोड्या जवळून पाहिल्या. काही मेंटॉर मुलाला काय हवं ते बघत, मजेला वेळ देत, नातं रुजू देत. काहींनी पहिल्या दिवसापासून आपली उद्दिष्टं पुढे ठेवली: मार्क सुधारायचे, वागणं सुधारायचं. पहिल्या प्रकारच्या बहुसंख्य जोड्या पुढेही भेटत राहिल्या. दुसऱ्या प्रकारच्या बहुसंख्य तुटल्या. गंमत अशी, की पहिल्या प्रकारात मुलं नंतर आपणहून अभ्यासाचं, घरचं बोलायला लागली.

याचा अर्थ ध्येयच नको असा नाही. नुसत्या गप्पांवर वर्ष काढलं तर मूलही कंटाळतं. दोन-तीन महिन्यांनी, ओळख झाल्यावर, विचारा: 'पुढच्या सहा महिन्यांत काय थोडं वेगळं झालं तर तुला बरं वाटेल?' उत्तर छोटं असेल, कदाचित तुम्हाला फालतू वाटेल. वर्गात उभं राहून बोलता यावं, पहाटे उठता यावं, एखादं ॲप बनवावं. तेच घ्या. त्याचे तुकडे पाडा, पुढच्या भेटीपर्यंत करायचा एकच तुकडा ठरवा आणि तो झाला नाही तर 'का नाही केलंस?' ऐवजी 'कुठे अडलं?' असं विचारा.

मुलांना सहभागी करण्याचा देखावाही होऊ शकतो. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली; तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. त्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. संस्थेच्या कार्यक्रमात तुमच्या मुलीला व्यासपीठावर नेऊन 'सर माझ्या आयुष्यात आले आणि' असं भाषण करायला लावणं कोणत्या पायरीवर येतं, ते तुम्हीच ठरवा.

पायरी ६ : कौतुक आणि टीका

'किती हुशार आहेस!' हे कौतुक स्वस्त आणि थोडं धोक्याचं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कामं निवडू लागली आणि अपयशानंतर लवकर खचली. प्रयत्नांचं कौतुक झालेली मुलं अवघड कामाला भिडली. पुढे या विचाराचा गाजावाजा गरजेपेक्षा जास्त झाला हे खरं, आणि नुसतं 'खूप मेहनत घेतलीस' म्हणत राहणंही पोकळच. नेमकं बोला. 'दुसरं उत्तर चुकल्यावर तू पहिल्यापासून परत तपासलंस, ते मला आवडलं.'

टीकेबाबत एक प्रयोग मला फार आवडतो. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. सातवीतल्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखे शेरे मारले. काही वह्यांवर सोबत एक चिठ्ठी होती, तिचा आशय असा: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे देतोय. ती चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी बऱ्याच जास्त जणांनी निबंध सुधारून पुन्हा दिला, आणि ज्यांचा शिक्षकांवर विश्वास कमी होता अशा कृष्णवर्णीय मुलांत हा फरक सर्वांत मोठा होता. त्यासाठी शेरे सौम्य करावे लागले नव्हते.

पायरी ७ : सीमा

इथे थोडं रेंगाळू या, कारण बहुतेक घोळ इथे होतात आणि ते चांगल्या माणसांकडूनही होतात.

सगळ्यांच्या मुळाशी एकच कसोटी आहे: हे मी मुलाच्या पालकांच्या आणि समन्वयकाच्या समोर केलं असतं का? उत्तर 'हो, पण त्यांना उगाच गैरसमज होईल' असं येत असेल तर ते 'नाही' समजा.

भेटायची जागा उघडी हवी. वाचनालय, मैदान, काचेचं दार असलेली खोली. बोलणं ऐकू गेलं नाही तरी माणसं दिसली पाहिजेत. एकांतातलं घर, बंद खोली, रात्रीचा प्रवास, गाडीत दोघंच, हे टाळा. नाइलाज झाला तर आधी कळवा आणि नंतर नोंद करा.

फोन हा सध्याचा सर्वांत निसरडा भाग. संदेशांची वेळ ठरवा, उदाहरणार्थ रात्री आठनंतर नाही. शक्य असेल तर पालक किंवा समन्वयक असलेल्या ग्रुपवरच बोला. आपोआप पुसले जाणारे संदेश वापरू नका. मुलाला आपल्या खासगी सोशल मीडिया खात्यावर घेऊ नका आणि त्याच्या खात्यात डोकावू नका. रात्री एकला 'झोप येत नाहीये' असा संदेश आला आणि त्यात धोक्याचं काही नसेल, तर सकाळी उत्तर द्या आणि पुढच्या भेटीत रात्रीसाठी दुसरा कोणता आधार आहे यावर बोला. तुम्ही चोवीस तासांची हेल्पलाइन नाही. तसा आव आणलात, तर ज्या रात्री तुमचा फोन बंद असेल ती रात्र त्याला जड जाईल.

पैसे देऊ नका, उसने घेऊ नका. फी अडली असेल तर संस्थेमार्फत शिष्यवृत्ती शोधायला मदत करा. वाढदिवसाला पुस्तक ठीक, मोबाइल नाही. मोठी भेटवस्तू घरातल्यांना खाली बघायला लावते आणि मुलाला ऋणात टाकते. उलट दिशेनेही तेच: तुमच्या ऑफिसची फुकट कामं, घरातली ने-आण, मूल सांभाळणं हे 'अनुभव मिळेल' या नावाखाली करून घेऊ नका.

स्पर्शाचा पुढाकार आपला नसावा. मूल रडत असेल तर पाण्याचा ग्लास पुढे करणं आणि शेजारी शांत बसून राहणं पुष्कळ असतं. मुलाच्या मनात तुमच्याविषयी प्रेमाची भावना निर्माण झाली असं जाणवलं, तर त्याची चेष्टा करू नका, त्याला खतपाणी घालू नका आणि त्याच दिवशी समन्वयकाशी बोला. तुमच्या मनात तशी भावना आली तर बाजूला व्हा, चर्चा नको. इथे 'दोघांची संमती' हा मुद्दाच उद्भवत नाही. हातात सत्ता तुमच्या आहे.

फोटोही त्यातलेच. मुलाचा चेहरा, त्याची गरिबी, त्याचा निकाल हे तुमच्या स्टेटसचं सामान नाही. पालकांनी हो म्हटलं तरी मुलाला वेगळं विचारा, आणि 'नाही' म्हणणं त्याला खरंच सोपं आहे का, याचाही विचार करा.

आणि एक वाक्य मोठ्याच्या तोंडून कधीही येता कामा नये: 'हे आपल्यातच ठेव.' मुलांचं लैंगिक शोषण करणारे हळूहळू विश्वास जमवतात तेव्हा त्यांचा रस्ता ठरलेला असतो: तू खास आहेस, मलाच तू कळतोस, हे घे, घरी सांगू नकोस. चांगला मेंटॉर दिसायला याच्या अगदी उलट असला पाहिजे. सगळ्यांना माहीत, सगळ्यांना दिसणारा. दुसरा कोणी मेंटॉर या रस्त्यावर दिसला तर 'मला काय करायचंय' म्हणू नका. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, कळवणं आहे.

पायरी ८ : गुपितं आणि गंभीर गोष्टी

पहिल्याच भेटीत असं काहीतरी सांगून ठेवा: "तू मला सांगतोस ते मी गावभर करणार नाही. पण तुला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होतेय किंवा होणार आहे असं मला वाटलं, तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल. सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन." एकदा 'कोणाला सांगणार नाही' असं वचन दिलं की पुढे तुमच्यापुढे दोनच पर्याय उरतात, वचन मोडणं किंवा मुलाला धोक्यात ठेवणं.

मुलाने मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर चेहरा शांत ठेवा. 'सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. मी काय करणार आहे ते तुला सांगतो.' एवढं बोला. खोदून विचारू नका, 'त्याने इथे हात लावला का?' असे उत्तर सुचवणारे प्रश्न तर मुळीच नकोत. त्याने पुढच्या तपासाचं नुकसान होतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला, पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. अनेक देशांत हे कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे काय नियम आहे ते काम सुरू करण्याआधीच वाचून ठेवा.

मूल 'जगण्यात अर्थ नाही' असं म्हणालं तर सरळ विचारा: 'तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका, जवळच्या मोठ्या माणसाला बोलवा आणि तज्ज्ञांपर्यंत पोहोचवा. उपचार करणं तुमचं काम नाही.

पायरी ९ : आईवडील

आईवडिलांशी स्पर्धा लावू नका. घरावर चिडलेलं मूल तुम्हाला म्हणेल, 'तुमच्यासारखे आईबाबा हवे होते.' ऐकायला गोड वाटतं, पण तो सापळा आहे. आठवड्यातला एक तास चांगलं वागणं सोपं असतं. उरलेला आठवडा तेच निभावतात. महिन्यातून एकदा पालकांशी बोला, शक्यतो मुलाच्या माहितीने, आणि त्यातही मुलाने विश्वासाने सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी नकोत. 'सध्या काय चाललंय' एवढ्याच पातळीवर राहा. पालक तुमच्याकडून हेरगिरीची अपेक्षा ठेवतील तेव्हा नम्रपणे त्या कागदाकडे बोट दाखवा. (घरातच धोका असेल तर अर्थातच हे लागू नाही; तिथे आठवी पायरी.)

पायरी १० : नातं अडखळतं तेव्हा

मूल भेटीला येत नाही, ही सर्वांत नेहमीची अडचण. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तर हमखास. कधी ती परीक्षा असते, हा माणूस टिकतो का याची. रागावू नका, अपराधी वाटेल असंही बोलू नका. 'आज तुझी वाट बघितली. मंगळवारी साडेपाचला मी तिथेच आहे,' एवढा निरोप पुरे. सलग तीन-चार वेळा झालं तर समन्वयकामार्फत विचारा, वेळ गैरसोयीची आहे का, बसभाडं नाही का, की त्याला हे नकोच आहे. नको असेल तर तेही मान्य.

खोटं सापडलं तर सापळा लावू नका. 'शाळेतून मला वेगळं कळलंय. तुझ्याकडून ऐकायला आवडेल,' असं थेट सांगा.

आणि मूल दर छोट्या निर्णयाला तुम्हाला फोन करू लागलं, तर सुखावून जाऊ नका. इथून पुढचं काम त्याचा गोतावळा वाढवण्याचं आहे. त्याच्याबरोबर कागदावर नावं लिहा: अभ्यासाचं कोणाला विचारशील, घरात वाजलं तर कोणाकडे जाशील, नोकरीबद्दल कोणाशी बोलशील? रिकाम्या जागा दिसतील. मग अनोळखी मोठ्या माणसाला मदत कशी मागायची याचा सराव घ्या. पहिला ईमेल तो लिहील, तुम्ही वाचाल. तुमची ओळख वापरून तुम्हीच फोन फिरवलात तर काम झटकन होतं, पण मुलाला त्यातून काही येत नाही.

पायरी ११ : शेवट

नातं संपवणं हे सुरू करण्याइतकंच नियोजनाचं काम आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात. भेटी विरळ होतात, संदेशांना उशिरा उत्तरं जातात, मग काहीच नाही. असं करू नका. किमान दीड-दोन महिने आधी सांगा. कारण तुमच्या बाजूचं असेल, बदली, आजारपण, काहीही, तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मूल दोष स्वतःकडे घेणार नाही. ते रागावलं किंवा शेवटच्या दोन भेटींना आलंच नाही, तरी ठरलेल्या वेळी जा आणि नाही भेटलं तर पत्र लिहून समन्वयकाकडे द्या.

शेवटच्या भेटीत मागे वळून बघा: सुरुवातीला तुला काय जमत नव्हतं, आता काय जमतं, ते कोणामुळे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'तुमच्यामुळे' असं आलं तर 'मी काय केलं आणि तू काय केलंस, वेगवेगळं सांग' असं म्हणा. पुढे संपर्क ठेवायचा की नाही, ठेवायचा तर कसा, हे त्याच दिवशी ठरवा. 'कधीही फोन कर' असं म्हणून तो उचलणार नसाल तर म्हणू नका. वर्षातून दोनदा बोलू शकणार असाल तर 'वर्षातून दोनदा' म्हणा.

मग मागचं आवरा. भेटींची टिपणं आणि ज्या प्रसंगांबद्दल काळजी नोंदवली होती ते संदेश संस्थेकडे जमा करा, बाकी फोटो आणि चॅट फोनमधून काढून टाका, मुलाचं काही साहित्य तुमच्याकडे असेल तर परत करा. संस्थेबाहेरचं नातं असेल तर ज्या तिसऱ्या व्यक्तीला तुम्ही सुरुवातीला सांगितलं होतं, तिला भेटी थांबल्याचं कळवा. दुसरं मूल लगेच घेऊ नका. एक-दोन महिने मधे जाऊ द्या आणि कॅलेंडर पुन्हा काढा.